मतलई वाऱ्याखालचे चेंबूर

मुंबईच्या उपनगरांपैकी चेंबूरच्या हवेविषयी जितके लिहिले आणि बोलले गेले तितके अन्य कोणत्याही उपनगराच्या हवेविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. परंतु ही सारी चर्चा बहुधा धुराड्यांची, कंपन्यांची आणि परवान्यांची झाली, ऋतूंची फारशी झाली नाही. वस्तुतः चेंबूरच्या हवेला वर्षभर एकच स्वभाव कधीच नव्हता. जून ते सप्टेंबर या महिन्यांत पावसाने धुऊन निघणारे हे उपनगर ऑक्टोबरचा उष्मा ओसरता ओसरता मळू लागते, डिसेंबर-जानेवारीत पहाटे त्याच्यावर धुरक्याची, म्हणजे धूर आणि धुके यांच्या मिश्रणाची, चादर पसरते आणि मार्चनंतर वारा वाढला की ती पुन्हा विरळ होते. या आवर्तनाचे मूळ निसर्गात असले तरी त्यात नेमके काय साठावे हे शहराने घेतलेल्या स्थाननिश्चितीच्या निर्णयांनी ठरवले, आणि ते निर्णय घेताना नकाशा समोर होता, दिनदर्शिका नव्हती, असे चेंबूरचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिल्यावर म्हणावे लागते.

किनारपट्टीवर दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून वारा येतो. हे खारे वारे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा उलटा फिरून जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हे मतलई वारे. शालेय भूगोलात एका आकृतीत संपणारी ही जोडी मुंबईच्या हिवाळ्यात मात्र निर्णायक ठरते, कारण नैऋत्य मोसमी वारे परतल्यानंतर शहरावर दुसरा कोणताही जोरकस प्रवाह उरत नाही आणि हवेची ये-जा या दोन वाऱ्यांवरच अवलंबून राहते. त्यातही हिवाळ्यात खारा वारा उशिरा, अनेकदा दुपारनंतर सुटतो, तर ईशान्येकडून आणि पूर्वेकडून येणारा मतलई वारा मंद असतो व सकाळ बरीच वर येईपर्यंत रेंगाळतो. याच काळात तापमानाची विपरीतता घडते. एरवी उंची वाढत जाते तसतशी हवा थंड होत जाते आणि जमिनीलगतची ऊबदार हवा धूर घेऊन वर चढते. पण निरभ्र रात्री जमीन झपाट्याने निवली की तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड व जड होते, वर ऊबदार हवेचे झाकण बसते आणि खाली सोडलेला धूर त्या झाकणाखाली आडवा पसरतो. पावसाळ्यात जी हवा हजारभर मीटरपर्यंत सहज मिसळते ती हिवाळ्याच्या पहाटे शे-दोनशे मीटरच्या थरात कोंडलेली असू शकते, म्हणजे तेवढाच धूर अनेक पटींनी दाट होतो.

ज्या भूमीवर हे घडते ती मुळात ट्रॉम्बे, जुन्या मराठीत तुर्भे, या बेटाचा वायव्य कोपरा होती. पूर्वेला ठाण्याची खाडी, पश्चिमेला माहुलची खाडी आणि तिच्या पलीकडे शिवडी-वडाळ्याकडची दलदल, उत्तरेला कुर्ल्याकडे जाणारी खाजणे, दक्षिणेला सुमारे तीनशे मीटर उंचीचा ट्रॉम्बेचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी माहुल, आंबापाडा, ट्रॉम्बे कोळीवाडा, घाटला यांसारखी कोळी, आगरी व ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्तीची गावे, असे हे चित्र होते. भाताची खाचरे, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी एवढ्यावर येथील जीवन चाले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मुंबई शहराला या बेटाची गरज वाटली नव्हती, आणि जेव्हा ती वाटली तेव्हा राहण्यासाठी नव्हे, तर टाकण्यासाठी वाटली.

१८९६ साली मुंबईत गाठीच्या प्लेगची साथ आली आणि शहरातील घाण, दाटीवाटी व रोग यांचा संबंध प्रशासनाला पहिल्यांदाच इतक्या तीव्रतेने जाणवला. शहर सुधार न्यासाची स्थापना, नवे रस्ते, पाडापाडी या गोष्टींचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याच धोरणाची दुसरी बाजू म्हणजे शहराचा कचरा शहराबाहेर नेण्याची व्यवस्था. आगगाडीने कचरा वाहून नेऊन तो पूर्वेच्या खाजणांत भरावा, त्यामुळे दलदल बुजेल आणि घाणही दूर जाईल, असा तो दुहेरी लाभाचा हिशोब होता. १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर हा एकेरी लोहमार्ग टाकला गेला तो याच ओघात. प्रवाशांसाठी तो १९२४ साली खुला झाला. उपनगरांच्या इतिहासात सहसा आधी माणसे येतात, मग त्यांचा कचरा साठतो. चेंबूरला कचऱ्याची वाट आधी पडली आणि माणसे अठरा वर्षांनी त्याच वाटेने आली. देवनारच्या कचराभूमीचा आरंभ १९२७ साली झाला असे मानले जाते. पुढे सुमारे १३२ हेक्टरांवर पसरलेली ही कचराभूमी चेंबूर स्थानकाच्या पूर्व-ईशान्येला, ठाणे खाडीच्या काठी आहे. हिवाळ्यातील मतलई वारा याच दिशेने येतो, ही गोष्ट पुढील सर्व कथनासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिवसा वाहणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याचा विचार केला तर जागा निर्दोष वाटते, कारण दुर्गंधी आणि धूर खाडीवर निघून जातो. रात्रीच्या वाऱ्याने ती तपासली असती तर निष्कर्ष निराळा निघाला असता.

लोहमार्ग प्रवाशांना खुला झाल्यावर चेंबूर बदलू लागले. १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा वेगळा झाला होता आणि दाटीने गांजलेल्या मध्यमवर्गाला मोकळ्या हवेचे आमिष दाखवणाऱ्या वसाहतींची ती वेळ होती. चेंबूर स्थानकाजवळ आखीव भूखंड, रुंद रस्ते, झाडे आणि बागेसह छोटे बंगले अशी योजना आकाराला आली. उद्यान-उपनगर ही इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांच्या विचारातून निघालेली कल्पना येथे मुंबईच्या मापाने कापून बसवण्यात आली. चेंबूरची हवा चांगली, असा लौकिक त्या काळी होता, आणि तो खोटाही नव्हता. जुन्या बंगल्यांपैकी जे काही आजवर टिकले त्यांच्या प्रशस्त व्हरांड्यांवरून आणि आवारातील आंबा-फणसांच्या झाडांवरून त्या लौकिकाची कल्पना येते. फाळणीनंतर सिंध व पंजाबातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांपैकी एक येथे उभी राहिली, ती चेंबूर कॅम्प या नावाने ओळखली जाते. १९४८ साली राज कपूर यांचा आर. के. स्टुडिओ आला, आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई गृहनिर्माण मंडळाने आज टिळकनगर, सुभाषनगर, सहकारनगर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वसाहती बांधल्या. गिरणगावातल्या एका खोलीतून स्वतंत्र स्वयंपाकघर आणि संडास असलेल्या सदनिकेत येणे ही त्या पिढीतील मराठी कारकून, शिक्षक व कामगार कुटुंबांच्या दृष्टीने आयुष्यातील मोठी झेप होती.

मात्र नेमक्या त्याच दशकात चेंबूरच्या दक्षिणेला दुसरेच शहर उभे राहत होते. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आसाममधील दिग्बोईचा एकमेव तेलशुद्धीकरण कारखाना आला होता. १९५१ मध्ये इराणने आपला तेलउद्योग राष्ट्रीय मालकीचा केल्यावर तेथील आबादानहून येणाऱ्या तयार तेलाचा पुरवठा बेभरवशाचा झाला, आणि भारत सरकारने परदेशी कंपन्यांशी करार करून देशातच शुद्धीकरण सुरू करण्याचा निर्णय घेतला. खोल पाण्याचे बंदर, जवळच बुचर बेटावर तेलवाहू जहाजे लावण्याची सोय, रेल्वे आणि स्वस्त सपाट खाजणजमीन हे सारे माहुलला एकत्र मिळत होते. १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा कारखाना सुरू झाला. पुढे १९७० च्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन ते अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम झाले. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले. १९६५ मध्ये फर्टिलायझर कॉर्पोरेशनचा खतकारखाना उत्पादन करू लागला, जो १९७८ पासून राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स म्हणून ओळखला जातो आणि लोकांच्या बोलण्यात नुसता ‘आरसीएफ’ असतो. बारा वर्षांच्या अवधीत गंधकयुक्त इंधन जाळणारे, गंधकयुक्त तेल शुद्ध करणारे आणि अमोनिया व नायट्रिक आम्ल तयार करणारे असे सगळे उद्योग एका डोंगराच्या पश्चिम व दक्षिण पायथ्याशी दाटले, आणि त्यांच्या उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर गृहनिर्माण मंडळ घरांच्या किल्ल्या वाटत होते.

या मांडणीत प्रत्येक ऋतूने आपापला वाटा उचलला. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा कारखान्यांकडून थेट चेंबूर आणि वाशीनाक्याकडे येतो. मात्र तो जोरदार असतो आणि पाऊस धुलिकण व विरघळणारे वायू खाली आणतो, त्यामुळे उघडीप पडली की उग्र वास जाणवला तरी साठवण होत नाही. उन्हाळ्यात वायव्येचा वारा धूर खाडीकडे नेतो, असे नकाशावर दिसते. पण मध्ये ट्रॉम्बेचा डोंगर आहे आणि बुटक्या धुराड्यांचा धूर त्याला वळसा घालण्याआधी पायथ्याशी घुटमळू शकतो. हिवाळ्यात परिस्थिती सर्वांत गुंतागुंतीची होते. रात्री पूर्व-ईशान्येचा मंद वारा देवनारच्या कचऱ्याचा धूर चेंबूर-गोवंडीवर आणतो, तोच वारा तेलकारखान्यांच्या टाक्यांवरची बाष्पे त्यांच्या पश्चिमेला असलेल्या माहुल गावावर ढकलतो, आणि पहाटे वारा पूर्ण पडला की जे जेथे आहे ते तेथेच साचते. त्यात शेकोट्या, बेकऱ्यांच्या लाकडी भट्ट्या आणि दिवाळीचे फटाके यांची भर पडते. एकाच उपनगरातील दोन वस्त्यांना एकाच रात्री दोन निरनिराळ्या ठिकाणांचा धूर मिळतो, आणि दोन्हींची तक्रार मात्र एकाच शब्दात, ‘गॅस’ या शब्दात, नोंदली जाते. ‘गॅस चेंबर’ हे वृत्तपत्री नाव त्यातूनच रूढ झाले.

या तक्रारीची दखल घ्यायला कायदा नव्हता असे नाही. मुंबई इलाख्याने १९१२ सालीच धूर-उपद्रव कायदा केला होता, म्हणजे चेंबूरला प्रवासी गाडी येण्याच्या बारा वर्षे आधी. परंतु तो कायदा कापडगिरण्यांच्या शहरासाठी घडलेला होता. त्याचा रोख बाष्पकांच्या भट्ट्यांतून निघणाऱ्या काळ्या धुरावर होता आणि दोषी धूर ओळखण्याचे साधन मुख्यतः डोळा हेच होते. चेंबूरचा नवा उपद्रव बहुतांशी डोळ्यांना दिसणारा नव्हता. गंधक जळून होणारा सल्फर डायऑक्साइड रंगहीन असतो, अमोनियाही रंगहीन असतो. दोन्ही कळतात ते नाकाला आणि घशाला. काळ्या धुरासाठी लिहिलेल्या कायद्यापुढे रंगहीन वायूची फिर्याद टिकणे कठीण होते, आणि हवेसाठी स्वतंत्र देशव्यापी कायदा व्हायला १९८१ साल उजाडावे लागले.

दरम्यान मोजणी सुरू झाली होती. त्या काळच्या मोजणीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण हिवाळ्याचे काय झाले हे त्यातच दडलेले आहे. एखाद्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर छोट्या उतरत्या छपराची पत्र्याची पेटी ठेवलेली असे. तिच्या छपराखाली काचतंतूंचा साधारण वीस सेंटीमीटर रुंद व पंचवीस सेंटीमीटर लांब असा पांढरा गाळणकागद आडवा बसवलेला असे आणि खालचा पंखा मिनिटाला घनमीटरभराहून अधिक हवा त्यातून ओढून घेई. कागद आधी कोरडा करून तोलायचा, ठरावीक तासांनी काढायचा, पुन्हा कोरडा करून तोलायचा. वाढलेले वजन म्हणजे धूळ. याच पेटीच्या कडेला काचेच्या नळ्यांमधील द्रावणातून हवेचे बुडबुडे सोडले जात. द्रावण प्रयोगशाळेत नेऊन त्यात रंगद्रव्य मिसळले की सल्फर डायऑक्साइडच्या प्रमाणानुसार जांभळट गुलाबी छटा येई आणि ती यंत्राने मोजली जाई. पावसाळ्यात हा कागद धुरकट राखाडी होऊन निघे, जानेवारीत तो काळपट होऊन निघे, एवढा फरक तोलण्याआधीच दिसत असणार. पण अहवालात कागद जात नसतो, सरासरी जाते. पुढे प्रस्थापित झालेल्या राष्ट्रीय नियमानुसार आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी चोवीस तास, म्हणजे वर्षातून किमान १०४ मोजण्या आवश्यक ठरल्या आणि त्यांची वार्षिक सरासरी ही मुख्य कसोटी झाली. मुंबईसारख्या शहरात या पद्धतीने दोन गोष्टी पुसल्या जातात: पावसाळ्याचे चार स्वच्छ महिने हिवाळ्याच्या चार महिन्यांना सांभाळून घेतात, आणि एका दिवसापुरते पाहिले तर खाऱ्या वाऱ्याची स्वच्छ दुपार मतलई वाऱ्याच्या पहाटेला झाकते. ज्या तासांत चेंबूरचे लोक खिडक्या लावून घेत होते ते तास आकड्यांत जवळजवळ उतरतच नव्हते.

शरीराने दिलेली साक्ष अधिक स्पष्ट होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या हवेचा आरोग्याशी संबंध तपासणारा जो दीर्घ अभ्यास केला, त्यासाठी लालबाग, चेंबूर व खार ही तीन क्षेत्रे आणि तुलनेसाठी ग्रामीण भाग निवडण्यात आला. ४१२९ व्यक्तींची तपासणी करून त्यांचा खोकला, धाप, सर्दी आणि फुप्फुसांची क्षमता यांची पुढील काही वर्षे नोंद ठेवण्यात आली. गिरण्यांचे लालबाग आणि बागांचे चेंबूर एकाच यादीत येणे हीच मुळात उद्यान-उपनगराच्या लौकिकाला मिळालेली मूठमाती होती. प्रदूषित भागांत श्वसनाच्या तक्रारी ग्रामीण भागापेक्षा अधिक आढळल्या, हा निष्कर्ष आज साधा वाटतो. त्या वेळी मात्र हवेविषयीची कुरबूर प्रथमच वैद्यकीय पुराव्याच्या पातळीवर आली.

१९८० च्या दशकात चेंबूरच्या हवेतील गंधक कमी होऊ लागले, आणि हे श्रेय न्यायालयापेक्षा भूगर्भाला अधिक द्यावे लागेल. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात बॉम्बे हाय हे तेलक्षेत्र सापडले आणि तेथील नैसर्गिक वायू ट्रॉम्बेपर्यंत आला. खतकारखान्याला कच्चा माल म्हणून आणि वीजकेंद्राला इंधन म्हणून तो मिळू लागला. नैसर्गिक वायूत गंधक नगण्य असल्याने जेथे जेथे जड इंधनतेलाची जागा त्याने घेतली तेथे तेथे सल्फर डायऑक्साइड घटला. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, वीजकेंद्रात ५०० मेगावॅटचा मोठा संच आला, ज्याला पुढे समुद्राच्या पाण्याने धूर धुणारी, म्हणजे पाण्यातील क्षारीयतेने गंधकाचा वायू शोषून घेणारी, यंत्रणा जोडण्यात आली. भारतातील ही अशी पहिली यंत्रणा. उंच धुराड्यांचाही हाच काळ. धुराड्याची उंची ताशी किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो यावरून सूत्राने ठरवायची आणि मोठ्या वीजसंचांसाठी ती २७५ मीटरपर्यंत न्यायची, असा नियम रूढ झाला. या उपायामागचे गणित ऋतूशी थेट जोडलेले आहे: धुराड्याचे तोंड विपरीततेच्या झाकणावर असेल तर पहाटेचा धूर खाली उतरतच नाही. त्यामुळे मोठे कारखाने हिवाळ्याच्या गणितातून काही अंशी बाहेर पडले, आणि झाकणाखाली उरले ते जमिनीलगत जळणारे व उडणारे सर्व काही: कचरा, वाहने, टाक्यांवरची बाष्पे, रस्त्यांची धूळ.

१९९४ साली केंद्राने जी हवा-गुणवत्तेची मानके जाहीर केली त्यांत एक विसंगती होती जी चेंबूरइतकी उघडी कोठेच पडली नसेल. औद्योगिक क्षेत्रासाठी सल्फर डायऑक्साइडची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरमागे १२० मायक्रोग्रॅम, तर निवासी क्षेत्रासाठी ८०. हवेत तरंगणाऱ्या एकूण धुळीची मर्यादा अनुक्रमे ५०० आणि २००. कारखान्याच्या कुंपणाला लागून जेथे घरे आहेत तेथे वाऱ्याने कोणती मर्यादा पाळावी, याचे उत्तर मानकांत नव्हते. २००९ च्या सुधारित मानकांनी औद्योगिक व निवासी हा भेद काढून टाकला आणि यादी बारा घटकांपर्यंत वाढवली. त्यांत अडीच मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांसोबत, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, अमोनिया आणि बेंझीनही होते. एक खतकारखान्याचा, दुसरा तेलाचा. चेंबूरने नाकाने केलेल्या तक्रारीला मानकांत जागा मिळायला अनेक दशके लागली, असा याचा अर्थ होतो. त्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक समूहांना गुण दिले तेव्हा चेंबूर ‘अतिगंभीर’ ठरवणाऱ्या ७० या रेषेच्या जेमतेम खाली राहिले.

यानंतरच्या काळात हिवाळा स्वतःच बातमी झाला. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारच्या कचराभूमीला लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. कुजणाऱ्या कचऱ्याच्या थरांत मिथेन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो, त्यामुळे वर पाणी मारले तरी आत आग जिवंत राहते. पाऊस नसलेल्या महिन्यांत तर ती विझवणे फारच दुष्कर. परिसरातील पालिकेच्या शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या आणि मार्चमध्ये पुन्हा आग लागली. कचऱ्याची व्यवस्था होत नाही तोवर नव्या बांधकामांना परवानगी देऊ नये, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१६ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयाने त्याला मार्च २०१८ मध्ये स्थगिती दिली. प्लेगच्या काळात मुंबईने कचरा आणि वस्ती यांचा जो संबंध तोडला होता तो एका न्यायालयीन आदेशात, दोन वर्षांपुरता का होईना, पुन्हा जोडला गेला.

माहुलची कथा याहून कडवट आहे. या गावातील कोळी वस्तीने तेलाच्या व रसायनांच्या साठवणटाक्यांतून सुटणाऱ्या बाष्पनशील सेंद्रिय संयुगांविरुद्ध, म्हणजे साध्या तापमानालाही हवेत उडणाऱ्या बेंझीन-टोल्युईनसारख्या द्रव्यांविरुद्ध, राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०१३ साली केईएम रुग्णालयाने केलेल्या पाहणीत सुमारे दोनतृतीयांश रहिवाशांनी वारंवार धाप लागत असल्याचे सांगितले होते. लवादाने २०१५ मध्ये तक्रारीत तथ्य असल्याचे मान्य केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. पण याच दरम्यान तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून त्या कुटुंबांना राहायला कोठे पाठवण्यात आले, तर माहुललाच. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने या लोकांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही असे स्पष्ट केले. प्रदूषणाचा निवाडा आणि पुनर्वसनाची यादी ही दोन्ही कामे एकाच शहरात, एकाच वेळी, एकमेकांकडे न पाहता चालू होती.

२०२२-२३ च्या हिवाळ्यात संपूर्ण मुंबईची हवा दीर्घकाळ बिघडली आणि चेंबूर-देवनारची केंद्रे वारंवार ‘अत्यंत वाईट’ या श्रेणीत गेली. प्रशांत महासागराचे पाणी निवण्याच्या ला निना या स्थितीचे ते सलग तिसरे वर्ष होते. त्यामुळे मुंबईच्या वाऱ्यांची नेहमीची अदलाबदल मंदावली, असे स्पष्टीकरण हवामानतज्ज्ञांनी दिले. त्यात तथ्य आहे, मात्र वारा मंदावल्यावर साचायला काहीतरी असावे लागते. टिळकनगर-सुभाषनगरच्या चार मजली इमारती पाडून त्या जागी मनोरे उभे राहत होते, तयार काँक्रीटचे कारखाने रात्रंदिवस चालत होते आणि पूर्व मुक्त मार्गाने २०१३ पासून दक्षिण मुंबईची वाहतूक सरळ चेंबूरला आणून सोडली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने बिघडलेल्या हवेची स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली, ज्यात ७० मीटरहून उंच इमारतींभोवती ३५ फूट उंच पत्र्याचे कुंपण बंधनकारक केले. आता केंद्रांवरची यंत्रे दर तासाला आकडा देतात, त्यामुळे पहाटे पाच आणि दुपारी तीन यांतला फरक चोवीस तासांच्या सरासरीत हरवत नाही. चेंबूरच्या हवेच्या इतिहासातील हा मोठा बदल आहे, जरी नियम अजूनही त्या सरासरीवरच बेतलेले असले तरी.

देवनारच्या कचराभूमीपैकी १२४ एकर जमीन धारावीतील रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला आणि २०२५ मध्ये महापालिकेने तेथील सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसून, चाळून हटवण्यासाठी निविदा काढली. शंभर वर्षांच्या कचऱ्याचे ढीग उकरणे, माती व प्लॅस्टिक वेगळे करणे आणि ट्रकांनी ते दूर नेणे हे धुळीचे काम आहे, शिवाय उकरताना आतला मिथेन मोकळा होतो. भिजलेला कचरा चाळणीतून जात नाही आणि ट्रक चिखलात रुततात, म्हणून पावसाळ्यात अशी कामे थंडावतात. त्यांचा जोर असतो तो नोव्हेंबर ते मे या महिन्यांत, ज्यांपैकी निम्म्याअधिक महिन्यांच्या रात्री वारा देवनारकडून चेंबूरकडे येत असतो.